वाचकांचे प्रश्न : डावखुरा रिलीफ पिचर हा दुय्यम खेळाडू असतो का?

प्रश्न : माझा मुलगा बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. त्याचा मुलगा, म्हणजे माझा नातू, पंधरा वर्षांचा असून डावखुरा आहे आणि शाळेच्या बेसबॉल संघात पिचर आहे. आजवर तो सामन्याच्या सुरुवातीला चेंडू टाकत असे. या हंगामात प्रशिक्षकांनी त्याला सांगितले आहे की, यापुढे तू सामना सुरू करणार नाहीस, तुला 'रिलीफ पिचर' म्हणून मधूनच उतरवू. फोनवर पोर अगदी हिरमुसलेले वाटले. मी जन्मभर क्रिकेट पाहिलेला माणूस. मला तर त्याला बारावा खेळाडू केल्यासारखेच वाटते. व्यावसायिक बेसबॉलमध्ये अशा डावखुऱ्या रिलीफ पिचरला काही भवितव्य असते का? आणि असे वरचेवर उतरून हाताचे नुकसान तर होत नाही ना?
— एक आजोबा, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील 'बारावा खेळाडू' हे शब्द वाचून मी थांबलो, कारण सारा गैरसमज त्या शब्दांतच आहे. क्रिकेटमधला बारावा खेळाडू क्षेत्ररक्षणापुरता येतो आणि चेंडू हाती न घेता परत जातो. रिलीफ पिचरचे याच्या अगदी उलट असते. व्यावसायिक बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा मैदानात येऊ शकत नाही; त्यामुळे मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, मैदानाच्या मध्यावरील मातीच्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे माउंडपर्यंत चालत जाऊन थकलेल्या पिचरच्या हातातला चेंडू काढून घेतो, तेव्हा त्या पिचरचा दिवस संपलेला असतो आणि बेसवर, म्हणजे धाव पुरी करताना पार करायच्या थांब्यांवर, उभे असलेले प्रतिस्पर्धी धावपटू, निसटत चाललेली आघाडी आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा हे सारे नव्या माणसाच्या पदरात पडते. सामना सुरू करणाऱ्या पिचरला कोऱ्या पाटीवर लिहायचे असते. रिलीफ पिचरला दुसऱ्याने अर्धवट सोडलेले गणित, तेही वेळ संपत आलेली असताना, सोडवावे लागते.

भवितव्याबद्दल विचारलेत, तर एका माणसाची कारकीर्द थोडी सविस्तर सांगतो, कारण आपल्या प्रश्नाचे त्याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. मेजर लीग बेसबॉलच्या, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, आजवरच्या इतिहासात सर्वाधिक सामन्यांत चेंडू टाकलेला पिचर कोण, असे विचारले तर बहुतेक लोक एखाद्या महान 'स्टार्टर'चे, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरचे नाव घेतील. ते नाव आहे जेसी ओरोस्को. हा डावखुरा रिलीफ पिचर होता आणि त्याचे सामने आहेत १,२५२. या यादीत त्याच्या खालोखाल १,१७८ सामने खेळलेला माइक स्टँटन आहे, आणि तोही डावखुरा रिलीफ पिचरच. ओरोस्कोने एवढ्या सामन्यांपैकी केवळ चार सामने स्वतः सुरू केले. उरलेल्या सर्व सामन्यांत तो कोणा ना कोणाची जागा घेऊनच उतरला.

ओरोस्कोचा जन्म १९५७ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे झाला. १९७८च्या जानेवारीत मिनेसोटा ट्विन्स संघाने त्याला निवडले आणि सुमारे वर्षभरात न्यूयॉर्क मेट्स संघाला देऊन टाकले. त्या अदलाबदलीत मेट्सकडून मिनेसोटाला गेलेला खेळाडू होता जेरी कूझमन. कूझमनही डावखुराच होता आणि १९६९ साली मेट्सने पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगच्या विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली तेव्हा शेवटचा चेंडू त्याच्याच हातून सुटला होता. हा तपशील लक्षात ठेवावा, त्याचे कारण पुढे येईल. ओरोस्को १९७९च्या एप्रिलमध्ये, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, मेट्सकडून पहिला सामना खेळला. पण लगेच त्याला खालच्या लीगमध्ये परत पाठवण्यात आले आणि १९८० साली मोठ्या लीगमध्ये त्याला एकही सामना मिळाला नाही. आपल्या नातवाला ही गोष्ट अवश्य सांगावी. पुढे सर्वाधिक सामने खेळणाऱ्या माणसाचे एक अख्खे वर्ष असे कोरडे गेलेले आहे.

१९८३ साली तो खऱ्या अर्थाने बहरला. त्या हंगामात तो ६२ सामन्यांत उतरला, ११० इनिंग टाकल्या (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी; प्रत्येक पाळी तिघे बाद होईपर्यंत चालते), १३ विजयांचे श्रेय मिळवले, आणि दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची त्याची सरासरी होती अवघी १.४७. सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो आपल्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन विभागांपैकी नॅशनल लीगमध्ये, तिसरा आला. पुढच्या वर्षी त्याने ३१ 'सेव्ह' मिळवले. सेव्ह म्हणजे, ढोबळमानाने, थोडक्या आघाडीवर असलेला सामना अखेरपर्यंत सुखरूप नेल्याचे श्रेय. १९६९पासून त्याची अधिकृत नोंद होते.

मग १९८६ साल उजाडले. वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीत मेट्सची गाठ ह्यूस्टन ॲस्ट्रोजशी होती. त्या मालिकेत मेट्सने जिंकलेल्या चार सामन्यांपैकी तीन ओरोस्कोच्या नावावर लागले. एकाच मालिकेत तीन विजय मिळवणारा तो पहिला रिलीफ पिचर ठरला. त्यांतला शेवटचा सामना १६ इनिंग चालला. ओरोस्को चौदाव्या इनिंगमध्ये उतरला आणि त्याच इनिंगमध्ये बिली हॅचरने त्याच्या चेंडूवर होमरन मारून, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर टोलवून, बरोबरी साधली. हरलेल्या मनाचा माणूस तिथेच खचला असता. सोळाव्या इनिंगमध्ये मेट्सने तीन धावांची आघाडी घेतली, ह्यूस्टनने त्यांतल्या दोन परत केल्या, बेसवर धावपटू उभे होते, आणि पूर्ण थकलेल्या ओरोस्कोने वेगाचा मोह टाळून केव्हिन बॅसला एकामागून एक वळणारे स्लायडर टाकत स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले. सामना ७–६ असा संपला. आधी मार खाल्लेला पिचरच अखेर विजय घेऊन बाहेर पडला, यामुळे हा सामना मला त्यानंतरच्या वर्ल्ड सिरीजपेक्षाही मोठा वाटतो.

वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना २७ ऑक्टोबर १९८६ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध झाला. आठव्या इनिंगमध्ये मेट्सची आघाडी ६–३वरून ६–५ अशी घसरली, दुसऱ्या बेसवर बॉस्टनचा धावपटू उभा होता आणि एकही खेळाडू बाद झालेला नव्हता. तेव्हा ओरोस्कोला बोलावण्यात आले. त्याने लागोपाठ तिघांना बाद केले आणि तो धावपटू जिथल्या तिथे राहिला. मेट्सच्या डावात त्याने स्वतः बॅट घेऊन एक धावही मिळवून दिली, आणि नवव्या इनिंगमध्ये त्याची गाठ पडली वेड बॉग्जशी. बॉग्ज डावखुरा, त्या वर्षीचा आपल्या लीगमधला सर्वोत्तम सरासरीचा बॅटर. त्यालाही त्याने बाद केले. शेवटी मार्टी बॅरेट स्ट्राइकआउट झाला आणि ओरोस्कोने हातातला ग्लोव्ह आकाशात उंच भिरकावून गुडघे टेकले. बेसबॉलच्या जगात ते छायाचित्र फार प्रसिद्ध आहे. मेट्सने आजवर दोनदाच वर्ल्ड सिरीज जिंकली आहे. दोन्ही वेळा अखेरच्या क्षणी माउंडवर एक डावखुरा उभा होता, आणि ते दोघे एकमेकांच्या बदल्यात दिले गेलेले खेळाडू होते. आणखी एक योगायोग असा की, १९६९ साली कूझमनच्या चेंडूवर शेवटचा बाद झालेला बाल्टिमोरचा बॅटर डेव्ही जॉन्सन हाच १९८६ साली मेट्सचा मॅनेजर होता.

एवढे यश मिळाल्यावर पुढची वर्षे सुखात जावीत, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात १९८७चा हंगाम त्याला वाईट गेला आणि वर्षअखेरीस मेट्सने त्याला दुसरीकडे धाडले. तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला आणि १९८८ साली त्या संघानेही वर्ल्ड सिरीज जिंकली. तिथे त्याचे काम कसे बदलत चालले होते, हे त्याच वर्षी मेट्सविरुद्धच्या एका सामन्यात दिसले. बाराव्या इनिंगमध्ये संकट उभे राहिल्यावर त्याला दोन डावखुऱ्या बॅटरांसाठी उतरवण्यात आले (डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर अवघड जातो; का, ते पुढच्या उत्तरात आहे). पहिल्याला, कीथ हर्नांडेझला, त्याने फुकट बेस दिला आणि तिन्ही बेसवर धावपटू उभे राहिले. दुसरा होता त्याचाच जुना सहकारी डॅरिल स्ट्रॉबेरी, आणि त्याला त्याने उंच उडालेल्या झेलावर बाद केले. लगेच त्याला बाहेर काढून उजव्या हाताच्या ऑरेल हर्शायझरला आणले गेले, आणि उरलेला एक बळी त्याने घेतला. म्हणजे सामन्याचा अखेरचा चेंडू आता ओरोस्कोचा राहिला नव्हता.

पुढे क्लीव्हलंड, मिलवॉकी, बाल्टिमोर, सेंट लुईस, पुन्हा डॉजर्स असे संघ बदलत गेले आणि काम दरवर्षी आखडत गेले. १९८३मध्ये ६२ सामन्यांत ११० इनिंग टाकणाऱ्या या माणसाने १९९९मध्ये ६५ सामन्यांत मिळून फक्त ३२ इनिंग टाकल्या. हिशेब केला, तर एका सामन्यामागे दीड बळीसुद्धा पडत नाही. त्याच १९९९च्या ऑगस्टमध्ये त्याने डेनिस एकर्स्लीचा १,०७१ सामन्यांचा विक्रम मागे टाकला. २००३च्या एकाच हंगामात तो सॅन दिएगो, न्यूयॉर्क यांकीज आणि ज्यांनी त्याला प्रथम निवडले होते त्या मिनेसोटा ट्विन्सकडून खेळला, आणि चोवीस हंगाम, ८७ विजय, १४४ सेव्ह आणि ३.१६ची सरासरी मागे ठेवून वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्याने खेळ थांबवला. मला या कारकिर्दीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती हीच की, ज्याचा ग्लोव्ह एकदा साऱ्या अमेरिकेने आकाशात उडताना पाहिला, त्याने पुढची सतरा वर्षे एकेका बॅटरसाठी उठण्याचे काम कमीपणा न मानता केले. त्याच्याबरोबर सुरुवात केलेले बहुतेक पिचर तोवर केव्हाच घरी बसले होते.

मान मात्र त्याला मिळायला हवा तेवढा मिळाला नाही. २००९ साली हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे महान खेळाडूंना सन्मानाने स्थान देणाऱ्या संग्रहालयाच्या, मतपत्रिकेवर त्याचे नाव आले तेव्हा त्याला एकच मत पडले. मला तो अन्याय वाटतो, आणि आपल्या नातवाने या वाटेवर जाताना तोही जाणून असावा. या कामात टाळ्या कमी पडतात.

आता हाताविषयी, कारण आपल्या पत्रातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर भयंकर ताण येतो. तो तुटल्यावर करावयाच्या शस्त्रक्रियेला 'टॉमी जॉन सर्जरी' म्हणतात. टॉमी जॉन हाही डावखुरा पिचर होता. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या मनगटाजवळची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, काढून डाव्या कोपरात बसवली, आणि त्यानंतर तो १९८९पर्यंत खेळला. शस्त्रक्रिया आता सर्रास होते, म्हणून ती किरकोळ मानू नये; परतायला बहुधा वर्षाहून अधिक काळ जातो. अमेरिकेत मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मुलांसाठी चेंडूंची मर्यादा ठरवून दिली आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत. ३१ ते ४५ चेंडू टाकल्यास एक दिवस, ४६ ते ६० टाकल्यास दोन दिवस, ६१ ते ७५ टाकल्यास तीन दिवस आणि ७६ किंवा त्याहून अधिक टाकल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी, असे त्यात सांगितले आहे.

परंतु रिलीफ पिचरच्या बाबतीत या मोजणीत एक खाच आहे. मोजले जातात ते सामन्यात टाकलेले चेंडू. बुलपेनमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेला रिलीफ पिचर हात गरम करतात त्या जागेत, टाकलेले चेंडू कोणीही मोजत नाही. नव्वदीच्या दशकात मी बाल्टिमोरला काही महिने राहत होतो. तिथल्या कॅमडेन यार्ड्स मैदानात दोन्ही संघांचे बुलपेन कुंपणापलीकडे असल्याने प्रेक्षकाला अगदी जवळून पाहता येतात. एका संध्याकाळी पाहुण्या संघाचा एक तरुण डावखुरा फोन वाजल्याबरोबर जाकीट काढून उठला आणि जोरात चेंडू टाकू लागला. कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा आवाज ओल्या धुण्यावर धोपटणे आपटावे तसा येत होता. समोरचा धोका टळला आणि तो बसला. पुढच्या इनिंगमध्ये पुन्हा फोन, पुन्हा वीसेक चेंडू, पुन्हा बाकावर. असे तीनदा झाले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातील धावफलकात त्याचे नावही नव्हते, कारण तो सामन्यात उतरलाच नव्हता. म्हणून आपल्या मुलाला सांगा की, नातवाने घरी एक वही ठेवावी आणि त्या दिवशी हातातून सुटलेला प्रत्येक जोरकस चेंडू, मग तो बुलपेनमधला का असेना, तीत लिहावा. त्या वहीतला आकडा वाढू लागला तर प्रशिक्षकांशी मोकळेपणाने बोलावे. कोपराच्या आत दुखू लागल्यास 'उद्या थांबेल' म्हणून एकही दिवस काढू नये.

प्रश्न : मी शाळेत मुलींना सॉफ्टबॉल शिकवते, त्यामुळे बेसबॉलविषयी कुतूहल आहे. आपल्याकडे क्रिकेटमध्ये डावखुरा फिरकी गोलंदाज उजव्या फलंदाजाला त्रास देतो, असे आपण ऐकत आलो. बेसबॉलमध्ये मात्र डावखुऱ्या बॅटरसमोर मुद्दाम डावखुरा पिचर आणतात. हे उलटे कसे? आणि नियम बदलल्यामुळे अशा पिचरांची गरज संपली, असे म्हणतात, ते खरे आहे का?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : हे उलटे दिसते, पण मुळात तत्त्व एकच आहे : जो चेंडू फलंदाजापासून दूर पळतो, तो खेळायला अवघड. आपले मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर चेंडू टाकत तेव्हा तो मध्य यष्टीच्या रेषेत पडून उजव्या फलंदाजापासून बाहेर वळे आणि बॅटची कड घेई. तिथे चेंडू टप्पा पडल्यावर वळतो. बेसबॉलमध्ये चेंडूचा टप्पा पडत नाही, तो हवेतच वळवावा लागतो, आणि डावखुऱ्या पिचरचा स्लायडर हवेत त्याच्या उजव्या हाताकडे, म्हणजे तिसऱ्या बेसच्या बाजूला सरकतो. डावखुरा बॅटर उभा असतो पहिल्या बेसच्या बाजूला. त्यामुळे तो चेंडू त्याच्यापासून दूर दूर जातो.

यात आणखी एक अडचण मिसळते, ती डोळ्यांची. पिचर बॅटरकडे तोंड करून उभा राहिला की त्याचा डावा हात पहिल्या बेसच्या बाजूला येतो. तिथून सुटलेला चेंडू डावखुऱ्या बॅटरला आपल्या पाठीमागून आल्यासारखा, थेट खांद्यावर आदळेल असा वाटतो. पिचर आणि बॅटर यांच्यातले अंतर साडेसाठ फूट, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा सुमारे साडेपाच फूट कमी. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच ठरवायचे असते. अंग मागे घेतले तर चेंडू वळून प्लेटवरून, म्हणजे बॅटरसमोरच्या जमिनीतल्या पाटीवरून जातो आणि पंच स्ट्राइक, म्हणजे बॅटरविरुद्ध मोजला जाणारा चेंडू, देतो. पुढे झुकून मारायला गेले तर तो बॅटच्या टोकाबाहेरून निघून जातो. त्यात डावखुरे पिचर संख्येने कमी असल्याने बॅटरला असा चेंडू पाहण्याची सवय लहानपणापासून कमीच असते. आपल्या मुलींना हे दाखवायचे असेल, तर एका डावखुऱ्या मुलीला प्लेटजवळ उभी करून दोन्ही बाजूंनी नुसते हळू चेंडू टाकून पाहा; सुटण्याची जागा बदलल्याने काय होते, ते एका तासात सर्वांना कळेल. डावखुऱ्याचा आणखी एक फायदा असा की, चेंडू टाकण्यापूर्वी तो उभा असताना त्याचे तोंडच पहिल्या बेसकडे असते, त्यामुळे तिथला धावपटू पुढे सरकताना त्याला मान न वळवता दिसतो.

याच कारणामुळे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून एक नवीनच पेशा तयार झाला. ओकलंडचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी प्रत्येक रिलीफ पिचरला ठरावीक काम वाटून देण्याची पद्धत रुजवली, आणि हळूहळू प्रत्येक संघात एका डावखुऱ्या बॅटरपुरता उतरणारा एक डावखुरा दिसू लागला. त्याला अमेरिकेत 'लूगी' म्हणत. कधी तो दोन चेंडू टाकून परत जाई. २०२०पासून मात्र नियम आला की, मैदानात आलेल्या पिचरने किमान तीन बॅटरांना तरी चेंडू टाकले पाहिजेत किंवा ती अर्धी इनिंग संपवली पाहिजे. दुखापत किंवा आजारपण एवढाच अपवाद. खेळ वारंवार थांबू नये हा हेतू होता. या नियमाने लूगी संपला, हे खरे. डावखुरा रिलीफ पिचर संपला, हे मात्र खरे नाही.

खरे तर लूगी येण्यापूर्वी हेच डावखुरे दीर्घ काळ चेंडू टाकत असत. यांकीजच्या स्पार्की लाइलने १९७७ साली अमेरिकन लीगचा साय यंग पुरस्कार मिळवला. त्या लीगमध्ये हा मान मिळवणारा तो पहिला रिलीफ पिचर होता. डेट्रॉइटच्या विली हर्नांडेझने १९८४ साली ८० सामन्यांत १४० इनिंग टाकून साय यंग आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही पुरस्कार घेतले, आणि संघाला वर्ल्ड सिरीज मिळवून दिली. नवीन नियमाने डावखुऱ्याला पुन्हा त्या जुन्या वाटेकडे वळवले आहे. त्याच्याकडे आता उजव्या बॅटरसाठीही हत्यार हवे, आणि ते बहुधा 'चेंजअप' असते. हात त्याच वेगाने फिरतो, पण चेंडू तळहातात खोल धरल्याने संथ येतो आणि डावखुऱ्याच्या हातून सुटल्यास उजव्या बॅटरपासून बाहेर सरकतो. म्हणजे पुन्हा तेच शिवलकरांचे तत्त्व. ज्यांचा वेगच असामान्य आहे त्यांचा प्रश्न वेगळा : क्यूबाच्या अरोल्डिस चॅपमनने २०१० साली ताशी १०५.१ मैलांचा, म्हणजे सुमारे १६९ किलोमीटर वेगाचा चेंडू टाकला होता, आणि अशा माणसासमोर बॅटर डावखुरा की उजवा हे पाहण्याची फारशी गरज उरत नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे आणि डावखुरा आहे. लहानपणी घरी डाव्या हाताने काही केले की ओरडा बसायचा. आता शाळेच्या बेसबॉल संघात सर मला पिचर करायचे म्हणतात. भारतातला एखादा डावखुरा पिचर व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळला आहे का?
— एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : खेळला आहे. उत्तर प्रदेशातील भदोही जिल्ह्यातला रिंकू सिंह हा भालाफेक करणारा मुलगा २००८ साली वेगाने चेंडू फेकण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेत पहिला आला. तोवर त्याने बेसबॉलचा सामना खेळलेला नव्हता. अमेरिकेत काही महिने प्रशिक्षण घेतल्यावर त्याच्याशी आणि त्याचा साथीदार दिनेश पटेल याच्याशी पिट्सबर्ग पायरेट्स संघाने करार केला, आणि जुलै २००९मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये उतरणारे ते पहिले भारतीय ठरले. रिंकू डावखुरा, आणि त्याने मुख्यतः रिलीफ पिचर म्हणूनच काम केले. तो खालच्या लीगमध्ये एकेक पायरी चढत २०११ साली वेस्ट व्हर्जिनियातील संघापर्यंत पोहोचला, ऑस्ट्रेलियातील लीगमध्येही खेळला. पुढे कोपराच्या दुखापतीने त्याचा मार्ग अडला आणि मेजर लीगपर्यंत तो पोहोचू शकला नाही. नंतर तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. विसाव्या वर्षापर्यंत ज्याने ग्लोव्ह पाहिला नव्हता, त्याने इतके अंतर कापले, याचे मला आजही कौतुक वाटते. दहाव्या वर्षी चेंडू हाती आला असता तर तो कुठे गेला असता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

घरच्या ओरडण्याविषयी एक गोष्ट सांगतो, ती घरीही वाचून दाखवा. व्हर्जिनियातील बिली वॅगनर हा जन्मतः उजव्या हाताचा. लहानपणी त्याचा उजवा हात दोनदा मोडला, तेव्हा तो डाव्या हाताने भिंतीवर चेंडू फेकत बसे, आणि त्यातूनच तो डावखुरा पिचर झाला. उंची जेमतेम पाच फूट दहा इंच. तरी मेजर लीगमध्ये त्याने ४२२ सेव्ह मिळवले आणि ९०३ इनिंगमध्ये १,१९६ बॅटरांना स्ट्राइकआउट केले. हॉल ऑफ फेमने त्याला नऊ वर्षे ताटकळत ठेवले आणि दहाव्या, शेवटच्या संधीला, जानेवारी २०२५मध्ये निवडले. तिथे पोहोचलेला तो पहिला डावखुरा रिलीफ पिचर आहे. जो हात तुम्हाला जन्मतः मिळाला, तो त्याला मोडलेल्या हाडाच्या निमित्ताने शिकावा लागला.

एक व्यवहाराची सूचना. शाळांच्या सामानात ग्लोव्ह बहुतेक करून उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्यांचे, म्हणजे डाव्या हातात घालायचे असतात. तसा ग्लोव्ह उलटा करून उजव्या हातात कोंबून खेळू नका. अंगठ्याची जागा चुकते, झेल निसटतात आणि बोटे दुखावतात. सरांना सांगून मागवताना 'डाव्या हाताने फेकणाऱ्यासाठी, उजव्या हातात घालायचा' असे दोन्ही शब्द लिहून द्या, कारण नुसते 'डावखुरा ग्लोव्ह' म्हटले की दुकानदार हमखास उलटा पाठवतात.